भिंगामागच्या दीर्घिकेचे अंतर प्रतिमांवरून कसे काढावे

गुरुत्वीय भिंगांवरील, म्हणजे आपल्या गुरुत्वाने मागच्या दीर्घिकेचा प्रकाश वाकवून ती मोठी दाखवणाऱ्या दीर्घिकांवरील, संशोधन पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेमध्ये चालते, आणि त्या विषयाकडे वळलेले इथले विद्यार्थी मला हमखास विचारतात, की वर्णपट हाती नसेल तर भिंगामागच्या दीर्घिकेचे अंतर कसे काढायचे. वेगवेगळ्या फिल्टरांत ती किती तेजस्वी दिसते यावरून तिची ताम्रसृती, म्हणजे रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणामुळे तिचा प्रकाश लांब तरंगलांबीकडे किती सरकला याचे माप), अंदाजता येते. मात्र निकालाचा खरेपणा पुढच्या दीर्घिकेचा, म्हणजे भिंगाचा, प्रकाश किती नीट वजा केला यावर ठरतो.

सुबारू दुर्बिणीच्या हायपर सुप्राइम-कॅम या कॅमेऱ्याच्या जी, आर, आय, झेड आणि वाय या पाच फिल्टरांतील प्रतिमा घ्याव्यात. नारिंगी लंबवर्तुळाकार दीर्घिकेभोवती दीड विकलांवर (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) मागच्या दीर्घिकेची निळसर कमान आहे असे धरू. या कॅमेऱ्याचा पिक्सेल ०.१६८ विकलांचा असल्यामुळे कमान केंद्रापासून जेमतेम नऊ पिक्सेलांवर येते आणि भिंगाचा प्रकाश थेट तिच्यावर सांडतो. म्हणून सर्व प्रतिमा सर्वांत धूसर प्रतिमेइतक्या धूसर करून घ्याव्यात, कमान झाकून भिंगाच्या प्रकाशाचे प्रारूप बसवावे आणि ते वजा करावे. उरलेल्या प्रतिमेत केंद्राभोवती उजळ किंवा काळे कडे दिसत असेल, तर प्रारूप पुन्हा बसवावे.

इतका आग्रह धरण्याचे कारण आकड्यांतच आहे. ०.५ ताम्रसृतीच्या भिंगाच्या वर्णपटातील ४०० नॅनोमीटरची पायरी, म्हणजे जिथे तेज एकदम बदलते ती जागा, ६०० नॅनोमीटरवर सरकते, आणि ३.९ ताम्रसृतीच्या स्रोतातील १२१.६ नॅनोमीटरची हायड्रोजनच्या लायमन-अल्फाची पायरीही जवळपास तिथेच येते. भिंगाचा थोडा प्रकाश जरी उरला, तरी आपण नकळत भिंगाचेच अंतर मोजून बसतो.

त्यानंतर पाचही फिल्टरांत कमानीचा तोच भाग मोजून निरनिराळ्या ताम्रसृतींना सरकवलेल्या नमुना-वर्णपटांशी जुळवावा. भिंग सर्व तरंगलांबींना सारखेच वाढवते, त्यामुळे वर्धन माहीत नसले तरी रंग विश्वासार्ह राहतात. तेजस्वितेवर आधारलेले पूर्वानुमान (प्रायर, म्हणजे दीर्घिका किती तेजस्वी दिसते यावरून आधीच धरलेला ताम्रसृतीचा अंदाज) मात्र बंद ठेवावे, कारण वर्धित स्रोत त्याला जवळचा वाटतो. त्याऐवजी स्रोत भिंगाच्या मागे आहे एवढीच अट घालावी. भिंगाच्या दुसऱ्या बाजूची प्रतिप्रतिमा, म्हणजे त्याच स्रोताची दुसरी प्रतिमा, दिसत असेल तर तिची ताम्रसृती स्वतंत्रपणे काढावी. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर वजाबाकी तरी चुकली आहे किंवा त्या एकाच स्रोताच्या प्रतिमा नाहीत.

साधारण १.५ ते २.५ या ताम्रसृतींत वर सांगितलेल्यांपैकी कोणतीच ठळक पायरी या फिल्टरांत पडत नाही, तेव्हा निकट-अवरक्त प्रतिमा मिळवाव्यात. ताम्रसृतीवरून अंतर काढणे हे विश्वाच्या प्रमाण प्रारूपाचे सरळ गणित आहे. निरनिराळ्या ताम्रसृतींच्या संभाव्यतेच्या आलेखात दोन शिखरे आली, तर दोन्हींची अंतरे नोंदवावीत आणि वर्णपट घेण्यासाठी ती दीर्घिका यादीत वर ठेवावी.