क्रोनोग्राफचा सेकंदकाटा: या चुका टाळा

“घड्याळ बंद पडलंय” म्हणत हातात दिलेलं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, बहुतेक वेळा ठणठणीत चालत असतं. मधला लांब काटा बारावर उभा दिसतो आणि लोक घाबरतात. अहो, तो स्टॉपवॉचचा काटा आहे, वरचं बटण दाबल्याशिवाय हलायचा नाही. रोजचे सेकंद छोट्या डायलमध्ये फिरतात. व्हाल्जू ७७५० या यंत्राच्या घड्याळांत नऊच्या बाजूला. आधी तिथे बघा.

आता माझ्या डोक्यात जाणारा प्रकार. रीसेट केल्यावर काटा बारावर न येता एखादं घर पुढे-मागे थांबतो. काट्याच्या दांड्यावर खाली पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा कॅम (चकती) असतो. रीसेटला घड्याळातली छोटी हातोडी त्यावर आपटते आणि कॅम कुठूनही फिरून एकाच जागी येतो. म्हणजे कॅम सहसा चुकत नाही; वर नुसता दाबून बसवलेला काटा सरकलेला असतो. ओळखीतल्या एका पोराने क्वार्ट्झ (बॅटरीवरच्या) घड्याळाचा व्हिडिओ पाहिला. त्यात चावी ओढून, बटणं दाबून काटा शून्यावर येतो. स्प्रिंगवर चालणाऱ्या मेकॅनिकलमध्ये ती सोयच नाही. बटणं बडवून झाली, मग पठ्ठ्याने घड्याळ उघडलं, चिमट्याने काटा उपटला आणि अंगठ्याने परत दाबला. काट्याची नळी सैल झाली. त्यानंतर प्रत्येक रीसेटच्या झटक्याला काटा नवीन जागी: कधी ५८ वर, कधी २ वर. डायलवर ओरखडा पडला तो वेगळाच. शेवटी नवा काटा घालावा लागला. पाच मिनिटांची घाई, दुसरं काय! काटा सरकला की मी रीसेट करणंच थांबवतो आणि घड्याळ कारागिराकडे देतो. तो हातोडी कॅमवर टेकलेली असतानाच काटा बसवतो आणि वेगवेगळ्या जागांवरून रीसेट करून तपासतो.

काटा फिरताना छान दिसतो म्हणून स्टॉपवॉच दिवसरात्र चालू ठेवू नका. आडव्या क्लचच्या घड्याळात (स्टॉपवॉचची चाकं बाजूने दातात दात अडकवून जोडणाऱ्या) त्याचा भार बॅलन्सवर, म्हणजे वेळ राखणाऱ्या डोलत्या चाकावर, पडतो. चाकं एकावर एक दाबून जोडणाऱ्या व्हर्टिकल क्लचला फारसा फरक पडत नाही, तरी मी काम झालं की थांबवतो.

आडव्या क्लचमध्ये सुरुवातीला काटा किंचित उडाला तर तो बिघाड नव्हे. दात दातात बसताना तसं होतं.

ताशी २८,८०० ठोक्यांचं घड्याळ सेकंदाला ८ उड्या मारतं. त्यावर दशांश सेकंद मोजल्याच्या बढाया मारू नका. त्यासाठी झेनिथ कंपनीच्या एल प्रिमेरोसारखं ३६,००० चं, म्हणजे सेकंदाला १० उड्यांचं, घ्या.

चालू काट्याला न थांबवता थेट रीसेट फक्त त्यासाठीच बनवलेल्या फ्लायबॅक क्रोनोग्राफमध्ये. बाकीच्यांत आधी थांबवा, मग रीसेट. बटण अडलं तर जोर लावू नका. आणि पाण्यात बटणांना हात लावू नका; कंपनीने तशी मुभा स्पष्ट दिली असेल तरच लावा.