जुन्या मोटारसायकलची बॅटरी चार्ज का होत नाही, हे कसे शोधावे

जुन्या गाडीची बॅटरी वारंवार उतरू लागली की बहुतेक जण आधी नवी बॅटरी घेतात आणि मग आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे कॉइलची एसी वीज डीसी करून व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) बदलतात. त्यानंतरही गाडी किक मारूनच सुरू करावी लागते, तेव्हा कुठे वायरिंगकडे लक्ष जाते. तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर हाताशी असेल आणि तपासणीचा क्रम पाळला, तर हा खर्च टाळता येतो. येथे बारा व्होल्टची आणि मॅग्नेट कॉइलमधून (इंजिन फिरताना वीज तयार करणाऱ्या कॉइलमधून) तीन पिवळ्या वायरी निघणारी गाडी गृहीत धरली आहे.

सुरुवात बॅटरीपासूनच करावी, कारण ती निकामी असेल तर पुढची सगळी मोजमापे फसवी ठरतात. बाहेरच्या चार्जरने ती पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवावी आणि मग व्होल्टेज मोजावे. चांगली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा साधारण ९.५ च्या खाली गेला, तर बॅटरी बदलणेच योग्य.

आता इंजिन गरम करून, मीटर बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावून, आरपीएम चार हजारांच्या आसपास न्यावा. १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळाले तर चार्जिंग ठीक आहे. तरीही बॅटरी रात्रीतून उतरत असेल, तर चावी बंद असताना कुठेतरी करंट झिरपत असणार. नंतर बसवलेले हॉर्न, अलार्म यांच्या वायरी आधी पाहाव्यात. आकडा १५ च्या वर गेला तर युनिट व्होल्टेज रोखत नाही. तो वाढलाच नाही, तर पुढे जावे. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून पाहण्याची जुनी सवय मात्र कृपया सोडावी. त्याने धडधाकट युनिटही जळू शकते.

सर्वाधिक वेळ द्यावा तो कपलर (वायरी एकमेकींना जोडणारा प्लास्टिकचा प्लग) आणि अर्थिंगला (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणाऱ्या जोडणीला). पिवळ्या वायरींच्या कपलरमधून बराच करंट जातो. पिन सैल झाली किंवा गंजली की ती तापते, तापल्याने आणखी सैल होते आणि शेवटी प्लास्टिक तपकिरी पडून वितळते. डोळ्यांना काही दिसले नाही तरी मीटरला दिसते: इंजिन त्याच वेगात आणि हेडलाइट चालू ठेवून, मीटरची एक पिन युनिटच्या पॉझिटिव्ह वायरीवर कपलरच्या मागून टेकवावी, दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. दोहोंमध्ये ०.३ व्होल्टहून अधिक फरक आला तर तेवढे व्होल्टेज वाटेतच खर्च होत आहे. हीच चाचणी युनिटची अर्थ आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांच्यातही घ्यावी. फ्रेमला नवा रंग दिलेल्या गाड्यांमध्ये ही दुसरी चाचणी मुळीच टाळू नये, कारण काही युनिटांची अर्थ त्यांच्या बॉडीतून फ्रेमला मिळते आणि रंगाचा थर ती तोडतो.

वायरिंग निर्दोष निघाले तर इंजिन बंद करून कॉइलचा कपलर सोडवावा. कोणत्याही पिवळ्या वायरीची इंजिनच्या बॉडीशी कंटिन्युइटी (म्हणजे विजेची थेट जोडणी) असता कामा नये. मग कपलर सुटाच ठेवून, मीटर एसीच्या २०० व्होल्ट स्केलवर घेऊन इंजिन सुरू करावे आणि उघड्या पिनांना हात न लावता वायरींच्या तिन्ही जोड्या मोजाव्यात. वेगाबरोबर व्होल्टेज वाढले पाहिजे, चार-पाच हजार आरपीएमला ते सहसा पन्नासच्या पुढे असते. पण खरी कसोटी तिन्ही आकडे सारखे येण्याची आहे. एक जोडी मागे पडली तर कॉइल जळलेली आहे. नुसता रेझिस्टन्स मोजून हे नेहमी कळत नाही, कारण काही वेढे आपसात चिकटल्याने पडणारा ओहमचा फरक साध्या मीटरला ओळखता येत नाही. काही लहान गाड्यांत कॉइलचे एक टोक मुद्दामच बॉडीला जोडलेले असते, तेथे सर्व्हिस मॅन्युअलमधील आकडे प्रमाण मानावेत.

बॅटरी, वायरिंग आणि कॉइल तिन्ही उत्तीर्ण झाल्यावरच दोष आरआर युनिटवर येतो. नवे युनिट बसवताना बॉडीखालची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करावी, आणि तपकिरी पडलेला कपलर त्याच वेळी बदलावा.