गावचं कौलारू घर पावसाआधी कसं तयार करायचं

मुंबईतला फ्लॅट चार महिने बंद ठेवला तरी आल्यावर फारतर धूळ पुसायची असते, वर स्लॅब आहे, गच्ची गळली तर सोसायटी बघते, मेंटेनन्स त्यासाठीच भरतो ना. गावच्या घराला हा हिशोब लावू नका. आमचं देवगडकडचं घर आम्ही दोन वर्षं असंच कुलूप लावून ठेवलं आणि मागच्या पडवीचे तीन वासे कुजले, हाताने दाबले तर भुसा निघत होता. आजोबांनी बांधलेलं घर, फार वाईट वाटलं.

तर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच जा, मृगाची वाट बघू नका. तौक्ते चक्रीवादळ 2021 च्या मे मध्येच आलं होतं, निसर्ग 3 जून 2020 ला, आणि वादळ होऊन गेलं की कौलंही मिळत नाहीत आणि माणसंही.

पहिलं काम म्हणजे भर दुपारी सगळी दारं-खिडक्या लावून घ्यायची आणि आत काळोखात उभं राहून वर बघायचं. जिथून उन्हाचा कवडसा येतो तिथूनच पाणी येणार. त्याच्या बरोबर खाली जमिनीवर खडूने खूण करा, मग शाकारणीला, म्हणजे कौलं नीट बसवायला आलेल्या माणसाला शोधत बसावं लागत नाही. कौलं सरकतात ती बहुतेक माकडांमुळे नाहीतर माडाची झावळ पडून. पन्नासेक कौलं जास्तीची पडवीत रचून ठेवाच.

मग लाकूड. वासे, खांब, चौकटी बोटाने ठोकून बघा, पोकळ आवाज आला किंवा मातीची बारीक रेघ वर चढलेली दिसली की वाळवी लागलीय समजा. पूर्वी रोज चूल पेटायची, धुराने वासे कोरडे राहायचे, कीड लागायची नाही. बंद घरात ते होत नाही, म्हणून गेलात की गॅस असला तरी चूल पेटवा, रोज पेटवा.

मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करायचा मोह होतो, पण करू नका, ओल आत अडकते आणि भिंत फुगते. मातीचाच गिलावा द्या, आणि पावसाची झड ज्या बाजूने येते तिथे माडाच्या झावळांची विणलेली झापं बांधा.

निघताना मेन स्विच बंद, आणि चावी शेजारी. आम्ही काकींकडे ठेवतो, गेल्या जुलैत त्यांचाच फोन आला, "तुमच्या घरार झावळ पडली, चार कौला फुटली आसत." त्यांच्या मुलाने त्याच दिवशी चढून ती बदलली, पडवीत ठेवलेलीच वापरून.

गणपतीला पोचलात की आधी सगळं घर उघडा, वारा खेळू द्या, बोर्डाला ओल आलीय का ते बघा आणि मगच मेन स्विच लावा.