नागपुरात नव्याने संसार मांडणाऱ्यांसाठी : हप्ता थकू नये म्हणून

दारव्हा तालुक्यातून बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला आलो, त्याला आता १८ वर्षे झाली. गावाकडचे नवे कुटुंब आले की भाड्याची खोली, मुलांची शाळा आणि गॅस यांची चौकशी आमच्याकडे करते. कर्जाच्या हप्त्याविषयी मात्र पहिला हप्ता थकल्यावरच विचारते. ते आधी कळावे, म्हणून हे लिहीत आहे.

माझे पहिले कर्ज दुचाकीचे होते. हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला खात्यातून आपोआप वळता होत असे आणि ठेकेदाराकडचा पगार ९ किंवा १० तारखेला जमा होई. एका ५ तारखेला खात्यात १,८४० रुपये होते आणि हप्ता २,६५० रुपयांचा. हप्ता परत गेला, कर्ज देणाऱ्यांनी दंड लावला, बँकेने स्वतंत्र आकार कापला, आणि पुढच्या महिन्यातही तेच झाले. पगार पुरेसा असूनही केवळ चार दिवसांच्या फरकाने मी थकबाकीदार ठरत होतो. शेवटी पासबुक घेऊन शाखेत गेलो, तारीख १२ करून मिळावी असा लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली आणि नव्या मँडेटवर, म्हणजे हप्ता खात्यातून आपोआप कापण्याच्या संमतीपत्रावर, सही केली. आपण हे कर्ज घेतानाच करावे : पगार उशिरात उशिरा ज्या तारखेला जमा होतो, तिच्या दोन-तीन दिवस पुढची तारीख हप्त्यासाठी मागून घ्यावी.

नागपूरच्या उन्हाळ्याचाही हिशेब आधीच धरावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, कूलर रात्रंदिवस चालतो, आणि ते वीजबिल हाती पडते त्याच सुमारास गावाकडे बियाणे-खतासाठी पैसे पाठवावे लागतात. शिवाय जूनच्या अखेरीस विदर्भातील शाळा उघडतात, तेव्हा वह्या, गणवेश आणि ऑटोचे भाडे एकदमच अंगावर येते. माझ्या ओळखीच्या घरांतील बहुतेक हप्ते याच दिवसांत थकले आहेत. आम्ही दिवाळीनंतर बँकेत सहा महिन्यांची आवर्ती ठेव (दरमहा ठरावीक रक्कम भरण्याची) सुरू करतो आणि उन्हाळ्यात मिळणाऱ्या त्या रकमेतून दोन हप्ते बाजूला ठेवतो. एवढे साधत नसेल, तर नवा फ्रीज हप्त्यावर घेण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही हप्ता चुकणार असे दिसले, तर फोन बंद करून बसू नका. तारखेपूर्वी शाखेत जाऊन अडचण लेखी कळवा व मुदत वाढवून हप्ता कमी होईल का, ते विचारा. ९० दिवसांहून अधिक थकबाकी राहिली की कर्ज अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या लेखी वसुली अडलेले, ठरते आणि मग अशी सवलत मिळणे फार कठीण जाते. जुना हप्ता भरण्यासाठी मोबाईलवरच्या अ‍ॅपमधून नवे कर्ज तर मुळीच घेऊ नका. दोन चांगली घरे त्यात बुडताना मी पाहिली आहेत. सावकाराकडे जाण्याची वेळ आलीच, तर त्याचा परवाना पाहावा, कारण २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही.

वसुलीसाठी येणारी माणसे बायकामुलांसमोर अपमान करतात, म्हणून काही जण रातोरात खोली सोडून जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार थकीत रकमेच्या वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकी व शिवीगाळ तर कधीच चालत नाही. अशा वेळी आधी कर्ज देणाऱ्या संस्थेकडेच लेखी तक्रार द्यावी आणि ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जावे. त्यासाठी संविधान चौकातील रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत खेटे घालण्याची गरज नाही. तक्रार ऑनलाइन विनाशुल्क करता येते आणि १४४४८ या क्रमांकावर तिची माहिती मिळते. मात्र तक्रारीला पोच जोडावी लागते, म्हणून प्रत्येक अर्जाची आणि पावतीची प्रत एका पिशवीत जपून ठेवा.