पाण्याकाठी मुक्कामाची जागा निवडताना या चुका टाळा

गटाने काढलेल्या पदभ्रमणात पाण्याकाठची जागा बहुधा सूर्यास्ताच्या सुमारास, पाय थकलेले असताना आणि पाठीवरचे ओझे कधी एकदा उतरवतो असे झालेले असताना निवडली जाते, आणि पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ या घाईतच असते. काठालगतची सपाट, मोकळी जागा तेव्हा आयती मिळाल्यासारखी वाटते. ती इतकी सपाट का आहे आणि तिथे झुडपे का उगवलेली नाहीत, हे मात्र कोणी विचारत नाही. नदीकाठी त्याचे उत्तर बहुतेक वेळा एकच असते: पाणी वाढले की नदी तिथूनही वाहते.

म्हणून वाळूच्या किंवा गोट्यांच्या पट्ट्यावर तंबू ठोकणे ही सर्वांत गंभीर चूक होय. डोक्यावरचे आकाश निरभ्र असले तरी वरच्या पाणलोट क्षेत्रात, कित्येक किलोमीटर दूर, पडलेल्या पावसाचा लोंढा अरुंद दरीत फार थोड्या वेळात येऊन धडकू शकतो. वर धरण असेल तर पावसाचीही गरज नसते, कारण विसर्ग रात्रीही वाढवला जाऊ शकतो. नदी आपल्या खुणा मागे ठेवते. फांद्यांत अडकलेला पालापाचोळा, खोडांवरची गाळाची रेघ, एकाच दिशेला झोपलेले गवत, काठाला समांतर साचलेल्या काटक्यांची ओळ या खुणा शोधाव्यात आणि त्यांतल्या सर्वांत उंच खुणेच्याही बऱ्याच वर मुक्काम करावा. वेगाने वाहणारे अवघे १५ सेंटिमीटर पाणीही प्रौढ माणसाला पाडू शकते, त्यामुळे ‘पाणी चढलेच तर उठून जाऊ’ हा हिशेब अंधारात पंधरा जणांना जागे करताना हमखास चुकतो.

वळणावरचा बाहेरचा काठ उंच असल्यामुळे सुरक्षित भासतो, पण प्रवाहाचा जोर तिथेच असतो आणि काठ खालून पोखरलेला असू शकतो. त्याच्या कडेपासून दूरच राहावे. पलीकडच्या तीरावरची जागा अधिक सुंदर दिसते म्हणून नदी ओलांडून तिकडे मुक्काम करणे हाही असाच मोह आहे. रात्री पाऊस झाला तर सगळा गट पलीकडे अडकतो. बर्फ वितळून वाहणाऱ्या नद्यांना तर दुपारनंतर पाणी चढते आणि पहाटेच्या सुमारास ते सर्वांत कमी असते, हे लक्षात घेऊनच ओलांडण्याची वेळ ठरवावी.

तलावाचे पाणी स्थिर असते, म्हणून तिथे निष्काळजीपणा वाढतो. ओसरलेल्या जलाशयाचा भेगाळलेला काठ वरून कोरडा दिसला, तरी खाली गुडघाभर चिखल असू शकतो. विस्तीर्ण पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला काही नसते. शिवाय रात्री थंड हवा सखल भागात साचते आणि तंबूच्या आतून पाणी ठिबकू लागते. काठापासून थोड्या उंचावरची जागा त्याहून उबदार आणि कोरडी मिळते, डासही तुलनेने कमी असतात. पाण्यावर हिरवट रंगासारखा तवंग असेल तर ते पिऊ नये आणि त्यात उतरूही नये, कारण काही नील-हरित शैवालांचे विष उकळूनही जात नाही. एरवी स्वच्छ दिसणारे पाणी किमान १ मिनिट, आणि २,००० मीटरपेक्षा अधिक उंचीवर ३ मिनिटे, खळखळून उकळावे.

गटाची म्हणून एक वेगळी चूक असते. चांगल्या जागेत तीन तंबू मावतात, उरलेले पाच सरकत सरकत पाण्याकडे जातात. त्यामुळे जागा पहिल्या तंबूवरून न जोखता शेवटचा तंबू कुठे पडेल यावरून जोखावी. तंबू पाण्यापासून साधारण ६० मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची सुमारे ८० पावले, दूर असावेत. शौचाचा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डाही पाण्यापासून आणि तंबूंपासून तितक्याच अंतरावर खणावा. मोठ्या गटात हा नियम सर्वांत आधी मोडला जातो, असे माझे निरीक्षण आहे.

सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी पोहोचावे, म्हणजे नाकारलेल्या जागेला पर्याय शोधता येतो. उंचावर जाणारी वाट उजेडातच एकदा चालून पाहावी आणि पाण्याच्या कडेला एक काठी रोवावी. झोपण्यापूर्वी ती पाण्यात गेलेली दिसली किंवा पाणी एकाएकी गढूळ झाले, तर सकाळची वाट न पाहता सर्वांनी लगेच वर जावे.