स्लॅबच्या घराचे उष्णतारोधन: सुरुवात गच्चीपासून

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. जुन्या धाब्याच्या घरांत छतावरील मातीचा जाड थर ही उष्णता अडवीत असे. पाच इंची काँक्रीटकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही. म्हणून अधिक टनांचा एसी घेण्याआधी गच्चीवर खर्च करावा.

उष्णतारोधक थर शक्यतो स्लॅबच्या वरच घालावा. खालून फॉल्स सीलिंगमध्ये थर्माकोल बसवल्यास खोलीला आराम मिळतो खरा, परंतु स्लॅब उन्हात तापत व रात्री निवत राहतो, त्याला तडे जाण्याचा धोका टळत नाही, शिवाय उघडा थर्माकोल सहज पेट घेतो.

काम पावसाळ्यापूर्वी उरकावे. प्रथम तडे भरून, पाणी वाहून नेणाऱ्या पाइपाकडे दर दहा फुटांस सुमारे सव्वा इंच उतार देऊन वॉटरप्रूफिंग करावे आणि गच्चीत दोन दिवस पाणी साठवून गळती तपासावी. ही तपासणी टाळण्याकडे गवंड्यांचा कल असतो, तेथे मालकाने अडून बसावे. त्यानंतर ५० मिलिमीटर जाडीचे एक्सपीएस बोर्ड (थर्माकोलसारख्याच पण अधिक घट्ट फोमचे तक्ते) फटी न ठेवता मांडावेत. उष्णता अडवण्यात हा थर दोन मीटरहून अधिक जाडीच्या काँक्रीटच्या बरोबरीचा ठरतो. साधा थर्माकोल स्वस्त असला, तरी तो एक्सपीएसपेक्षा अधिक पाणी शोषतो आणि ओला थर उष्णता नीट अडवीत नाही. बोर्डांवर जाळी घालून कोबा करावा व वर पांढरी चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर) बसवावी. घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या ‘इको निवास संहिता २०१८’ मध्ये छतासाठी यू-मूल्याची, म्हणजे छतातून किती उष्णता पार होते या मापाची, कमाल मर्यादा १.२ आहे, असे छत तिच्या बरेच आत बसते.

एवढा खर्च झेपत नसेल, तर निदान चुन्याचा पांढरा थर द्यावा. तो ऊन परतवतो. मात्र धूळ बसली की त्याचा गुण उतरतो आणि पावसानंतर तो पुन्हा द्यावा लागतो.

भिंतींपैकी पश्चिमेची आधी पाहावी. नवे बांधकाम असल्यास तेथे एएसी ब्लॉक (हवेच्या बारीक छिद्रांचे हलके काँक्रीट ठोकळे) वापरावेत. जुन्या घरात खिडकीवर बाहेरून छज्जा किंवा बांबूची चटई लावावी, कारण आतला पडदा उष्णता काचेतून आत आल्यावरच अडवतो. एसीच्या खोलीतील दारे-खिडक्यांच्या फटी रबरी पट्टीने बुजवाव्यात, परंतु कूलरच्या खोलीत हवा बाहेर पडण्यासाठी समोरची खिडकी उघडीच ठेवावी.