थर्मोस्टॅट बदलताय? या चुका टाळा

न्यू जर्सीतला जानेवारी, बाहेर उणे नऊ, आणि आई दोन स्वेटरांवर शाल घेऊन सोफ्यावर बसलेली. "चांगलं चालू होतं, ते कशाला उघडलंस?" एवढंच म्हणाली.

मी वायफायवाला थर्मोस्टॅट (घराचं तापमान ठरवणारा भिंतीवरचा डबा) लावत होतो आणि फर्नेसचा, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीचा, स्विच बंद करायला बेसमेंटमध्ये उतरायचा कंटाळा केला. २४ व्होल्ट तर आहेत, शॉक थोडाच बसणार! शॉक नाहीच बसला. सुटी लाल वायर शेजारच्या निळीला टेकली, बारीकसं 'चट' झालं, आणि सगळंच गप्प.

तुमचंही असं झालं तर लगेच मेकॅनिकला बोलावू नका. वीज बंद करून फर्नेसचं खालचं दार काढा. आतल्या कंट्रोल बोर्डावर बहुतेकदा मोटारीत असतो तसला चपटा प्लास्टिकचा फ्यूज असतो. माझा जांभळा, ३ अँपिअरचा होता. उजेडात धरला तर मधली तार तुटलेली स्पष्ट दिसली. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात असे फ्यूज मिळतात. ३ चा असेल तर ३ चाच घाला. 'घरात १० चा पडलाय, लावू' म्हणालात तर पुढच्या वेळी ट्रान्सफॉर्मर जळेल. फ्यूज बदलूनही माझं फर्नेस सुरू होईना. अर्ध्या तासाने कळलं, दार नीट बसलं नव्हतं. त्यामागे एक बटण असतं, ते दाबलं गेल्याशिवाय काहीच चालत नाही.

दुसरी चूक रंगांवर विश्वास ठेवण्याची. थर्मोस्टॅटवर वायरींच्या जागांना अक्षरं असतात. लाल म्हणजे आर (वीज), पांढरी डब्ल्यू (हीटिंग), पिवळी वाय (एसी), हिरवी जी (पंखा) हा रिवाज आहे, पण वायर ओढणाऱ्याने तो पाळला असेलच असं नाही. जुन्या थर्मोस्टॅटवर वायर कोणत्या अक्षराला होती, तेच खरं. एकही स्क्रू सैल करण्याआधी फोटो काढा, अक्षरं वाचता येतील असा. मग प्रत्येक वायरीला चिकटपट्टीचं लेबल लावा, आणि वायरींचा झुपका पेन्सिलीला गुंडाळून ठेवा, नाहीतर तो भिंतीत सरकतो.

सी वायरीचा घोळ सगळ्यात जास्त. वायफायवाल्याला सतत वीज लागते, ती सी मुळे मिळते. माझी निळी सी ला आधीच जोडलेली होती, म्हणून तर फ्यूज उडाला. बऱ्याच घरांत एक जादा वायर भिंतीत गुंडाळून ठेवलेली असते. लोक ती थर्मोस्टॅटच्या सी ला जोडतात आणि पडदा काळाच का म्हणून डोकं धरतात. अहो, तिचं दुसरं टोक फर्नेसच्या बोर्डावर सी ला कोण जोडणार?

भिंतीतून जाड वायरी आल्या, टोकांना टोप्या घातलेल्या, तर तिथेच थांबा. ते इलेक्ट्रिक बेसबोर्ड हीटरचे (भिंतीच्या तळाशी बसवलेल्या) १२० किंवा २४० व्होल्ट असू शकतात. त्यावर २४ व्होल्टवाला थर्मोस्टॅट लावणं म्हणजे आगीशी खेळ. इंग्लंडातल्या मंडळींनी तर हा लेख स्वतःच्या बॉयलरला लावूच नये. तिथे थर्मोस्टॅटपर्यंत बऱ्याचदा २३० व्होल्ट येतात.

घरात हीट पंप (उलटा चालून घर गरमही करणारा एसी) असेल तर सेटिंगमध्ये तसं सांगावं लागतं. शिवाय गरम की गार ही दिशा ठरवणारा ओ/बी नावाचा पर्याय उलटा पडला, की हीटिंग लावल्यावर गार वारा येतो. अशा वेळी वायरी उचकटू नका, तो पर्याय बदलून बघा. आणि एसी किंवा हीट पंप लगेच सुरू झाला नाही तर पाचेक मिनिटं कळ काढा, कॉम्प्रेसर वाचवण्यासाठी तो मुद्दाम थांबतो.

जुना गोल थर्मोस्टॅट निघाला आणि आत काचेच्या नळीत चकाकता थेंब हलताना दिसला, तर तो पारा आहे. कचऱ्यात टाकू नका. गावाच्या घातक कचरा केंद्रात द्या.

एवढं होऊनही आमच्या हॉलमध्ये नवा थर्मोस्टॅट खोलीपेक्षा तीन अंश कमीच दाखवत होता. वायरी येतात त्या भोकातून भिंतीतला गार वारा थेट त्याच्या पाठीवर लागत होता. भोक पुट्टीने बुजवलं, तासाभरात आकडा ताळ्यावर आला. आईने शाल मात्र रात्री झोपेपर्यंत काढली नाही.